काळी टेलिफोटो घेऊन मे महिन्यात ताडोबाला निघालाय? मग हे वाचा

मे महिन्याचं ताडोबाचं बुकिंग झालं की कोणीतरी विचारतंच, की बाबा माझी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स) काळी आहे, चंद्रपूरच्या उन्हात तिचं काय होणार, पांढरी भाड्याने घेऊ का? माझं उत्तर म्हणजे नको घेऊस, निदान रंगासाठी तरी नको. पण पांढरा रंग निव्वळ शायनिंग मारायला दिलाय असंही नाहीये, त्यामागे कारण आहे आणि ते एकदा कळलं की काळ्या लेन्सला उन्हात कसं सांभाळायचं तेही कळतं, म्हणून आधी तेवढं बघू.

मोठ्या टेलिफोटोंमध्ये काही एलिमेंट, म्हणजे आतली भिंगं, साध्या काचेचे नसून फ्लोराइटचे असतात, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा कारखान्यात वाढवलेला स्फटिक. कॅननने १९६९ मध्ये अशी एक लेन्स काढली होती, ३०० एमएम एफ ५.६. फ्लोराइटमुळे फांद्यांच्या, पिसांच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार जवळपास गायब होते, पण भानगड अशी की तापल्यावर ते साध्या ऑप्टिकल काचेच्या साधारण अडीचपट प्रसरण पावतं, बाहेरचं धातूचं नळकांडंही थोडं वाढतं, आणि ६०० एमएमवर एवढंसं हललं तरी फोकस सरकतो. म्हणून १९७० च्या दशकात कॅननने मोठ्या लेन्स पांढऱ्या करायला घेतल्या, ऊन परतवायला. मग स्टेडियमच्या कडेला टीव्हीवर पांढऱ्या लेन्सची रांग दिसायला लागली आणि ती फुकटची जाहिरातही झाली, ती कोणाला नकोय. पण तांत्रिक कारण अजूनही खरं आहे, २०१८ च्या ४०० एमएम एफ २.८ आणि ६०० एमएम एफ ४ च्या तिसऱ्या पिढीत त्यांनी रंगच बदलला, इन्फ्रारेड जास्त परतवणारं रंगद्रव्य घातलं.

निकॉनवाले मात्र मुख्यतः काळ्यावरच राहिले, त्यांची ईडी काच (रंगीत किनार कमी करणारी खास काच) उष्णतेला फ्लोराइटइतकी हळवी नाही असं त्यांचं म्हणणं, थोड्याफार फिक्या राखाडी लेन्स त्यांनीही विकल्या पण त्या क्वचितच दिसतात. आणि गंमत म्हणजे २०१३ मध्ये त्यांनी ८०० एमएममध्ये फ्लोराइट वापरलं तरी बाहेरून ती काळीच ठेवली आणि लोक ती जगभर उन्हात वापरतातच. सिग्मा, टॅमरॉन काळ्याच. म्हणजे काळी लेन्स उन्हात नेली की बिघडते हे डोक्यातून काढून टाका, ती फक्त जास्त तापते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. जिप्सी पाणवठ्यावर थांबली की खरी परीक्षा, वाघ येईल येईल म्हणत तास जातो आणि लेन्स बीन बॅगवर (आधाराला ठेवलेल्या दाण्यांच्या पिशवीवर) तशीच उन्हात पडून असते. तेव्हा तिच्यावर पांढरा सुती पंचा टाका, घरात असतो तोच, पातळ आणि सैल, वाघ आला की एका हाताने ओढून काढता येईल असा. ओला करू नका, गार वाटेल म्हणून मोह होतो पण रिंगच्या फटीतून पाणी आणि धूळ मिळून चिखल आत जायचा. काळा किंवा गडद हिरवा कपडा टाकण्यात अर्थ नाही. आणि लेन्सचं तोंड सूर्याकडे ठेवून कधीच सोडू नका, मग रंग कुठलाही असो, लांब लेन्स भिंगासारखं ऊन एका ठिकाणी गोळा करते आणि शटर किंवा सेन्सर जाळू शकते. थांबलात की कॅप लावा, नाहीतर तोंड खाली करा. दुपारी दोन सफारींच्या मध्ये बंद गाडीत बॅग ठेवून जेवायला जाणं हाही आवडता उद्योग, तो टाळा, बंद गाडीत पांढरा रंगही काही करू शकत नाही.

फोकसचं एक लक्षात ठेवा. मोठ्या टेलिफोटोची फोकस रिंग अनंताच्या (सगळ्यात लांबच्या फोकसच्या) खुणेच्याही थोडी पुढे फिरते, ते मुद्दामच असतं, तापमानाने फोकस सरकला तर जागा असावी म्हणून. त्यामुळे मॅन्युअलवर असताना रिंग शेवटपर्यंत फिरवली की लांबचं शार्प आलं असं धरू नका, ऑटोफोकस वापरा नाहीतर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं चित्र, मोठा करून बघा. सकाळी सहाला एक जागा सेट करून ठेवली आणि दहाला तीच वापरली तर फोटो मऊ, म्हणजे थोडा अस्पष्ट, येऊ शकतो, परत फोकस करायला दोन सेकंद लागतात, करा.

एसी रूममधून बाहेर काढताना विदर्भातल्या मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की काचेवर सहसा बाष्प धरत नाही, कोकणात किंवा गोव्यात मात्र लगेच धरतं, तिथे बॅगेची चेन बंद ठेवून लेन्स आतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात फोटो बिघडवणारी मुख्य गोष्ट लेन्स नसतेच, ती असते मधली हवा. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि दोनशे मीटरवरचा वाघ पाण्यातून बघितल्यासारखा येतो, मग लोक म्हणतात लेन्सचा फोकस गेलाय, सर्व्हिस सेंटरला पळतात. पांढरी लेन्स असली तरी हेच होणार. उपाय एवढाच की सकाळचे पहिले दोन तास लांबच्या फोटोंना द्या, ऊन चढल्यावर जवळ आलं तरच क्लिक करा, डांबरी रस्त्याच्या किंवा उघड्या माळाच्या वरून मारलेला शॉट जवळपास वायाच जातो. लांब हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या सावलीच्या नळीत) गरम हवा कोंडूनही कधी कधी थरथर वाढते, शंका आली तर हूड काढून एक फोटो घेऊन बघा, फक्त मग धुळीकडे लक्ष ठेवा.

कॅमोफ्लाज कव्हरचं काय? पांढरी लेन्स घेऊन तिच्यावर जाड गडद निओप्रीन (रबरी कापड) चढवलं की पांढरेपणाचा फायदा बराचसा गेलाच, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. तरी ओरखडे आणि जिप्सीच्या रॉडवरची आपटाआपटी वाचते म्हणून कव्हर वाईट नाही, माझ्या मते पक्ष्यांच्या हाईडमध्ये (लपून बसायच्या जागेत) जवळून काम असेल तर ते हवंच, पांढरी नळी तिथे उठून दिसते. जिप्सीत बसल्यावर वाघाला लेन्सच्या रंगाचं काही पडलेलं नसतं, अख्खी गाडी समोर उभी असते की. काळ्या लेन्ससाठी फिक्या रंगाचं कव्हर मिळालं तर ते घ्या.

काळी लेन्स स्प्रेने पांढरी रंगवायचे उद्योग कृपा करून करू नका, रंग रिंगच्या खाचेत जातो, वॉरंटीचा वांधा होतो आणि विकताना कोणी घेत नाही. टेपच लावायची तर कापडी गॅफर टेप लावा आणि त्याच दिवशी काढा, साध्या डक्ट टेपचा गोंद उन्हात वितळून बसतो तो निघता निघत नाही.

पांढऱ्या लेन्सवर ताडोबाची लाल धूळ, घाम, बॅगेतल्या रबराचे काळे डाग सगळं दिसतं. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ कापड किंचित ओलं करून पुसा, डाग हट्टी असेल तर साबणाच्या पाण्याचा एक थेंब. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी रंग मात्र खूप कामाचा आहे. पांढरं म्हणजे प्रो असं नसतं, कॅननची आरएफ २००-८०० पांढरी आहे पण एल सिरीजची (कॅननच्या प्रो लेन्सची) लाल रिंग तिला नाही, उलट ८५ एमएम एफ १.२ काळी असून एल आहे, आणि २०२४ ला आलेली नवी ७०-२०० एफ २.८ तर काळी-पांढरी दोन्हीत मिळते. सोनीची २००-६०० पांढरी, पण जी मास्टर, म्हणजे सोनीची सगळ्यात वरची सिरीज, नाही. दुसरं म्हणजे कॅननचा पांढरा पिढीगणिक बदललाय, जुना पिवळसर क्रीम, नवा जास्त स्वच्छ. त्यामुळे एकाच लेन्सच्या बॅरलचे भाग किंवा ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडला लावायचं कडं) वेगळ्या छटेचे दिसले तर पार्ट बदललाय का ते सरळ विचारा, बिल मागा. एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायचा, लांबी वाढवणारा जोड) वेगळ्या छटेचा असेल तर घाबरू नका, तो वेगळ्या पिढीचा असू शकतो. माउंटजवळ (कॅमेऱ्याला जोडायच्या टोकाला) आणि हूडच्या कडेला रंग उडालेला असणं नॉर्मल आहे, भाव पाडायला उपयोगी, पण कॉलरच्या पायाजवळ रंगासोबत धातूलाही पोचा असेल तर लेन्स आपटलेली आहे, सोडून द्या. आणि बाहेरून कितीही चकचकीत असली तरी मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या आत मारून फंगस (बुरशी) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मुंबई-कोकणातल्या दोन पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेली लेन्स बाहेरून कोरी करकरीत दिसू शकते.