गल्लीची बातमी आणि महापालिकेचं काम: कोल्हापुरात हिवाळ्यात पाठपुरावा कसा करायचा

दिवाळी झाली, पाऊस पूर्ण उघडला की कोल्हापुरात गल्लीबोळातली कामं करून घ्यायचे चार महिने सुरू होतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे मुद्दाम सांगतोय कारण बरेच जण रस्त्याची तक्रार जुलैमध्ये करतात, तेव्हा पाऊस कोसळत असतोय, डांबर धरत नाही, मुरूम टाकून जातात आणि आठवड्याभरात परत तोच खड्डा. डांबराचं काम कोरड्या हवेतच टिकतंय. शिवाय आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतंय म्हणून शिल्लक निधीतली कामं ह्याच दिवसांत निघतात, आणि पुढच्या वर्षाच्या बजेटची जुळवाजुळव पण आत्ताच चालू असते. आचारसंहिता लागली तर नवीन कामाचा नारळ फुटत नाही हे खरं, पण गळती, लाईट, कचरा ही रोजची कामं त्यामुळं थांबत नाहीत, त्यामुळं "आता आचारसंहिता आहे" असं कुणी सांगितलं तरी गळतीची तक्रार द्यायचीच.

आता गल्लीच्या ग्रुपवर काय होतंय बघा. कुणीतरी फोटो टाकतो, खाली वीस अंगठे, चार रागाचे चेहरे, मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात आणि फोटो वर सरकून जातो. महापालिकेच्या कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही. माझं सगळं सांगणं एवढ्याभोवतीच आहे की तक्रारीला नंबर पडला पाहिजे आणि तो नंबर ग्रुपवर आला पाहिजे. नंबर असला की पुढच्या वेळी साहेबांना विचारताना "मागं सांगितलं होतं" असं म्हणावं लागत नाही, तारीख सांगता येते.

त्याच्या आधी आपला पत्ता महापालिकेच्या भाषेत माहीत करून घ्या. कोल्हापुरात तीन वेगवेगळे पत्ते चालतात आणि लोक हमखास घोळ घालतात. एक म्हणजे जुने ए, बी, सी, डी, ई वॉर्ड. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात, शाहूपुरी-राजारामपुरी ई वॉर्डात. तुमचं अक्षर घरफाळ्याच्या बिलावर छापलेलं असतंय, आणि पाणी बंदच्या बातम्या ह्याच अक्षरांवर येतात. दुसरा म्हणजे निवडणुकीचा प्रभाग क्रमांक, तो प्रभागरचना बदलली की बदलतो, त्यामुळं जुन्या पावतीवरचा क्रमांक डोळे झाकून लिहू नका. तिसरं म्हणजे विभागीय कार्यालय: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. अर्ज कुठं द्यायचा ते ह्याच्यावर ठरतंय. ह्या तिन्ही गोष्टी एकदाच शोधून ग्रुपच्या माहितीत वरती लिहून ठेवा. नवीन भाडेकरू आला तरी त्याला कुणाला विचारायला लागत नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच. शहराला बरीच वर्षं शिंगणापूर आणि बालिंगा इथनं उपसा करून पाणी मिळत आलं, आणि २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. म्हणजे दूरवर कुठंतरी पंप बिघडला, वीज गेली किंवा पाईप फुटला की इकडं आपली टाकी भरत नाही. मग नोटीस येते की अमुक वॉर्ड आणि संलग्न उपनगरांत सोमवारी पाणी येणार नाही, मंगळवारी अपुऱ्या व कमी दाबानं येईल. लोक सोमवार वाचतात आणि मंगळवार विसरतात! वरच्या मजल्यावरच्या लोकांची खरी पंचाईत मंगळवारीच होते, कारण खाली थोडंफार येतंय आणि वर काहीच चढत नाही. त्यामुळं ग्रुपवर टाकताना असं टाका: कुठले वॉर्ड, कुठल्या वारी आणि तारखेला बंद, पूर्ण दाबानं कधीपासून, आणि ही माहिती कुठनं आली. तारीख नसलेली नोटीस अजिबात पुढं पाठवू नका. मागच्या वर्षीची नोटीस परत फिरायला लागते आणि सगळी गल्ली बॅरल भरत बसते. आणि दाब कमी असताना नळाला थेट मोटर लावणाऱ्यांना शेजाऱ्यांनीच समजवायला पाहिजे, कारण त्या मोटरीमुळं लाईनच्या शेवटी असलेल्या म्हाताऱ्या काकूंच्या घरात थेंब येत नाही.

गळती शोधायला हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही. पावसाळ्यात सगळाच रस्ता ओला, आत्ता मात्र सुक्या रस्त्यावर ओला पट्टा दिसला की समजायचं खाली काहीतरी आहे. दोन-तीन दिवस नीट बघा. पाणी सुटायच्या वेळेलाच ओलं होतंय आणि नंतर वाळतंय, तर आपल्या गल्लीच्या वितरण लाईनची किंवा कुणाच्या तरी कनेक्शनची गळती. दिवसभर ओलंच राहतंय तर मोठी लाईन असू शकते. वास येतोय, पाणी काळपट आहे, तर ड्रेनेज. ह्यातलं काय आहे हे लिहिलं की तक्रार सरळ योग्य माणसाकडं जाते, नाहीतर पाणीवाले म्हणतात ड्रेनेजचं आहे, ड्रेनेजवाले म्हणतात पाण्याचं आहे. नळालाच घाण वासाचं पाणी येत असेल तर मात्र दोन-तीन दिवस बघत बसायचं नाही. पहिलं आलेलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून ठेवा, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला दाखवा, त्याच दिवशी तक्रार द्या, आणि ग्रुपवर लगेच सांगा की पाणी उकळून प्या. काविळीची साथ अशाच पाण्यातनं पसरते.

तक्रार कशी लिहायची त्याचा एक नमुना देतो, ह्यात आपापला पत्ता घाला:

"ई वॉर्ड, राजारामपुरी, अमुक गल्ली, अमुक दुकानासमोर, दिव्याचा खांब नंबर अमुक. सकाळी पाणी सुटल्यावर रस्त्याच्या डाव्या कडेनं पाणी वर येतं, पुरवठा बंद झाल्यावर अर्ध्या तासात थांबतं. वास नाही. अमुक तारखेपासून रोज. सोबत फोटो दोन, एक जवळून, एक दुकानाची पाटी दिसेल असा लांबून."

बस्स, एवढंच. "गेली कित्येक वर्षं आम्ही हालअपेष्टा सोसतोय" वगैरे काही लिहायची गरज नाही, वाचणारा इंजिनिअर जागा शोधत असतो. लांबून काढलेला फोटो विसरू नका, नुसत्या खड्ड्याचा फोटो उत्तरेश्वर पेठेतला पण असू शकतो आणि फुलेवाडीतला पण.

लाईटचं थोडक्यात. घरातली वीज गेली, तार लोंबकळतीय, डीपीत ठिणग्या उडाल्यात, तर महावितरण, १९१२ ला फोन करायचा. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर ते महापालिकेच्या विद्युत विभागाचं काम. खांबावर नंबर रंगवलेला असतोय तो द्या. हिवाळ्यात सहा-सव्वासहालाच अंधार पडतो, क्लासवरनं येणाऱ्या पोरी, पहाटे दूध घालणारे, रंकाळ्यावर फिरायला जाणारी आजी-आजोबा मंडळी ह्यांच्या रस्त्यावरचे दिवे आधी मागा. आणि हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर रात्री शहराच्या कडेच्या रस्त्यांवरनं जातात, डबल ट्रॉली असते, बऱ्याचदा मागं रिफ्लेक्टर नसतो. अशा रस्त्यावरचा एक बंद दिवा म्हणजे जिवाशी गाठ. ट्रॉली रस्त्यात बंद पडून अंधारात उभी असली तर ग्रुपवर लिहायच्या आधी ११२ ला फोन करा.

कचऱ्याचा टिप्पर कधी येतो ही वेळ सगळ्यांना माहीत असते, तरी एखाद्या कोपऱ्यावर ढीग साचतोच, आणि थंडीत त्याच ढिगाला काडी लावून शेकोटी होते. हे मला मनापासून थांबायला हवंय. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर जात नाही, गल्लीतच फिरत राहतो, आणि ढिगात प्लास्टिक असतंय, थर्माकोल असतोय. दमेकरी माणसाच्या खिडकीखाली हे चाललेलं असतं. घनकचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणं उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. पण पोरांवर ओरडून काही होत नाही, त्यांना चार वाळकी लाकडं द्या आणि मोकळ्या जागेत बसू द्या. झाडाच्या पाल्याचं वेगळं आहे, झाडून गोळा केलेला पाला उचलायला गाडीच येत नाही म्हणून तो जागेवर पेटवला जातो. सफाईच्या मुकादमांना भेटून पाल्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून मागा, तोपर्यंत पोत्यात भरून ठेवा. एखाद्या अपार्टमेंटला बाग असली तर तिथं खड्ड्यात पाला कुजवता येतो, ते सगळ्यात चांगलं. आणि मुकादम असोत, झाडलोट करणाऱ्या मावशी असोत, काम झालं की झालेल्या कामाचा फोटो पण ग्रुपवर टाका, त्यांना दाखवा. तक्रारीच्या वेळी जेवढी घाई करतो तेवढीच इथं पण करायला पाहिजे.

डास थंडीत कमी होतात म्हणून गाफील राहू नका, डेंग्यूचे पेशंट डिसेंबरात पण निघतात. आणि त्याचा संबंध वरच्या पाणी बंदशी आहे. दोन दिवस पाणी नाही म्हणून बॅरल, बादल्या, जुनी पिंपं भरून ठेवली जातात, पाणी आलं की ती तशीच उघडी राहतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. एक वार ठरवा आणि अख्ख्या गल्लीनं त्याच दिवशी करा. धूर फवारणी मागायची तर मागा, पण ती उडणारे डास मारते, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून आरोग्य विभागाकडं मागताना "घरोघर पाण्याच्या साठ्यांची तपासणी करा" असं लिहून मागा.

कुत्रं चावल्याची बातमी आली तर ग्रुपवर वाद घालत बसू नका, आधी जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायला सांगा आणि लगेच सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पाठवा. लस शून्य, तीन, सात अशा ठरलेल्या दिवशी असते, पहिली घेऊन बरं वाटलं म्हणून पुढची चुकवायची नाही. थंडीत उघड्यावर कुणी झोपलेलं दिसलं तर नुसती चादर देऊन निघू नका, महापालिकेला कळवून निवारा केंद्रात जागा विचारा, आणि माणूस आजारी, बेशुद्ध वाटला तर १०८. त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, जागा आणि वेळ सांगितली तरी पुरतंय.

अंबाबाईच्या देवळाजवळ राहणाऱ्यांसाठी अजून एक. किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी असा ठरलेला असतो, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत जातात. त्या संध्याकाळी महाद्वार रोडला गर्दी असणार हे धरूनच पेशंट, गॅस, टेम्पो ह्यांची वेळ आधी ठरवा. आणि किरणांच्या वाटेत कुणी गच्चीवर पत्रा, फलक, टाकी उभी करत असेल तर वेळेत शेजारधर्मानं सांगा, ऐन दिवशी काही करता येत नाही.

आता मुख्य भाग, पाठपुरावा. तक्रार दिली, नंबर मिळाला, आठवडाभर थांबा. काहीच झालं नाही तर विभागीय कार्यालयात लेखी अर्ज, दोन प्रती, एका प्रतीवर आवकचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परत यायचं नाही. तालमीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर दिला तर जास्त चांगलं, खाली सह्या घेताना बायकांच्या सह्या जरूर घ्या, पाणी आणि कचरा त्यांच्याच वेळेला येतो आणि नेमकं काय बिघडलंय ते त्यांनाच माहीत असतंय. काम न करताच तक्रार "निकाली" दाखवली तर भांडू नका, त्याच दिवशीचा फोटो काढून जुन्या नंबरचा उल्लेख करून नवीन तक्रार द्या. एकाच विषयावर गल्लीतल्या दहा जणांनी दहा प्रकारे लिहायचं नाही, त्यानं कागद वाढतो आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं. ग्रुपमधल्या एकानं पाणी, एकानं लाईट, एकानं रस्ता असं वाटून घ्या.

रस्त्याच्या अर्जात एक वाक्य न चुकता घाला की डांबरीकरणाच्या आधी ह्या गल्लीतलं पाणी आणि ड्रेनेजचं राहिलेलं काम पूर्ण करावं. नवीन रस्ता झाल्यावर महिन्यात पाईपसाठी खणलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. तुमच्या घराचं नवीन कनेक्शन घ्यायचं असेल तर ते पण आधीच घ्या.

दाखले, नोंदी ह्यांचं मात्र वेगळं आहे, तिथं विनंती करायची नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणं अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे, अर्जाची पोच घ्या, मुदत संपली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतंय. जन्म-मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून टाका, एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातंय. आणि घरफाळा थकला असेल तर मार्चची वाट बघू नका, थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत असते.

एवढं करूनही काम अडलं तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायचा दिवस. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथं तक्रार वैयक्तिक लागते, मंडळाच्या नावानं चालत नाही, त्यामुळं ज्याच्या दारात पाणी साचतंय त्याच्याच नावानं अर्ज करा आणि आधीच्या तक्रारीचे नंबर, शिक्क्याची प्रत, फोटो जोडा. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतोय, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी बसायचं असेल तर कागद जानेवारीच्या मध्यापर्यंत तयार पाहिजेत.