खात्याला जप्ती लागली? पेन्शन-पगार सोडवताना या चुका टाळा

पतसंस्थेचं कर्ज थकवतो एक आणि बँकेत 'खात्याला होल्ड आहे' हे ऐकावं लागतं जामीनदार राहिलेल्या निवृत्त गुरुजींना. पेन्शनला कायद्याचं संरक्षण आहे, जामीनदाराच्याही. पण ही पेन्शनच आहे हे कागदानिशी दाखवायचं काम खातेदाराचं.

काउंटरवर भांडू नका. आदेश आल्यावर शाखाधिकाऱ्याला स्वतःहून पैसे मोकळे करता येत नाहीत. त्याच्याकडून लेखी घ्या: आदेश कोणाचा, दरखास्तीचा (कोर्टाच्या निकालाप्रमाणे वसुलीसाठी केलेल्या अर्जाचा) किंवा वसुली दाखल्याचा क्रमांक, तारीख, रक्कम. पुढची वाट त्यावरच ठरते. दिवाणी कोर्टाची जप्ती असेल तर त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली अर्ज. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला असेल तर हरकत वसुली अधिकाऱ्याकडे. पुष्कळ जण घाईत थेट दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला (दाखलाच वरच्या पातळीवर तपासून घ्यायला) जातात. तिथे येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. नुसती पेन्शन सोडवायची तर त्या वाटेला जाऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती एकाच खात्याची सवय. पेन्शन तिथेच, मुंबईच्या मुलाने पाठवलेले तिथेच, आंब्याच्या पेट्यांचेही तिथेच. मग शिल्लक ४२,००० रुपयांत पेन्शनचे किती, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. पेन्शन-ग्रॅच्युइटी हाती आल्यावर, अगदी मुदत ठेवीत टाकल्यावरही, तिचं संरक्षण जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलं आहे. ठेव पेन्शनच्या पैशातूनच झाली हे मात्र उताऱ्यात दिसलं पाहिजे. म्हणून बँकेच्या सही-शिक्क्याचा निदान वर्षभराचा उतारा घ्या, पेन्शन जमेच्या ओळींवर खूण करा, सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडा. आंबा-काजूचे पैसे यापुढे दुसऱ्या खात्यात घ्या.

पगाराचा हिशेब वेगळा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार २५,००० असेल तर १,००० अधिक १६,०००, म्हणजे १७,००० तुमचे. जप्ती फार तर ८,००० वर. एकाच हुकूमनाम्यात (कोर्टाच्या निकालाच्या आदेशात) अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरता तो हिस्साही कायमचा सुटतो. ही तारीख लिहून ठेवा, आठवण करून द्यायला कुणी येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार वाचतो. बोटीवरच्या खलाशाची किंवा काजू कारखान्यातल्या बाईची मजुरी मजुराची म्हणून जप्तीबाहेर. त्यासाठी मालकाचा मजुरीचा दाखला जून-जुलैच्या मासेमारीबंदीआधीच घेऊन ठेवा, बंदीत माणसं गावोगाव पांगतात.

'सवलत सोडतो' अशा कागदावर सही झाली असेल तरी घाबरू नका. कलम ६० प्रमाणे असा करार रद्दबातल असतो. जप्तीनंतर पैसे बायकोच्या खात्यात फिरवणं मात्र टाळा, त्यावरून लपवाछपवीचा संशय येतो आणि खरा अर्जही अडतो.

वकील परवडत नसेल तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्जाच्या मागणीत फक्त आजची शिल्लक लिहू नका. 'यापुढे दरमहा जमा होणारी पेन्शनही मोकळी ठेवावी' हे वाक्य घाला, नाहीतर पुढच्या महिन्याची रक्कम परत होल्डमध्ये जाईल.