युरोपात अ‍ॅप विकायचंय? आधी देशवार रकाने आखा

पार्ल्यातल्या आमच्या दीड खोलीतून मी परदेशातल्या मुलांसाठी मराठी शिकवायचं अ‍ॅप चालवते. म्युनिकच्या एका आईचा मेल आला, "तुमचं इम्प्रेसुम कुठंय?" मला वाटलं, एखादा धडा उघडत नसेल.

इम्प्रेसुम म्हणजे दुकानावरची पाटी. जर्मन ग्राहकांना विकायचं तर चालवणाऱ्याचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल साइटवर पटकन सापडायला हवं. नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. मी घरचाच पत्ता टाकला. आई अजून विचारते, "उद्या कोणी जर्मन दारात उभा राहिला तर?"

माझ्या एक्सेलमध्ये 'युरोप' हा एकच रकाना होता, तिथेच फसले. जीडीपीआर, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा, २५ मे २०१८ पासून सगळ्या युरोपीय संघाला लागू आहे खरा, पण ती माहिती वापरायला मुलांनी स्वतः संमती द्यायचं वय १३ ते १६ च्या दरम्यान ठरवायची मुभा त्याने देशांना दिली. जर्मनी, नेदरलँड्स १६; फ्रान्स १५; स्पेन १४; बेल्जियम १३. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी पॅरिसमध्ये स्वतः 'हो' म्हणू शकते, बर्लिनमध्ये आईबाबा लागतात. तेव्हा फॉर्मवर आधी देश विचारा, मग जन्मतारीख, आणि त्यावरून पालकांची संमती. मी नेमकं उलट केलं होतं; अख्खा फॉर्म पुन्हा लिहावा लागला.

जर्मनीत पैसे भरायच्या बटणावर पैसे द्यावे लागणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं. २०१२ पासूनचा नियम. नुसतं 'पुढे' लिहिलंत तर ग्राहक बांधीलच नाही.

रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर व्हॅट ग्राहकाच्या देशाच्या दराने: लक्झेंबर्ग १७ टक्के, जर्मनी १९, हंगेरी २७. आपल्यासारख्या बाहेरच्यांना तो पहिल्या युरोपासूनच लागतो. (युरोप नव्हे, युरो!) सुदैवाने 'वन स्टॉप शॉप'मध्ये एकाच देशात नोंदणी करून दर तिमाहीला सगळ्यांचा कर भरता येतो. सीएला आधीच सांगून ठेवा.

आणि फॉन्ट. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगलच्या सर्व्हरवरून येणाऱ्या 'गूगल फॉन्ट्स'मुळे साइट बघणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) गूगलकडे गेला. फॉन्टच्या फाइली उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. माझा देवनागरी फॉन्टही तिथूनच येत होता. अर्ध्या तासात हलवला.