गच्चीवरचा पहिला टोमॅटो: चाखण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की नागपुरातल्या गच्च्यांवरून मला फोटो यायला लागतात. चेरोकी पर्पल या जुन्या टोमॅटो वाणाचं टपोरं फळ, खालून विटकरी-जांभळं, देठापाशी हिरवं, आणि खाली प्रश्न: "काका, हे सडलं का?" फळ सडलेलं नसतं. ते दोन दिवसांपूर्वी खायला हवं होतं, इतकंच. सप्टेंबरात बी टाकायचं, ऑक्टोबरच्या उन्हात फुलं गळताना पाहायची, बांबू बांधायचे, आणि सगळी मेहनत शेवटच्या आठवड्यात घालवायची, हे दर हिवाळ्यात बघून जीव हळहळतो. म्हणून हे लिहितोय.

लाल होण्याची वाट पाहू नका

सगळ्यात जास्त फळं या एका चुकीनं वाया जातात. कॉटन मार्केटमधला टोमॅटो देठापासून टोकापर्यंत एकसारखा लाल असतो, म्हणून पिकलेलं फळ तसंच दिसतं अशी आपली समजूत झाली आहे. तो एकसारखेपणा माणसानं निवडून आणलेला आहे. कच्चेपणी फिकट हिरवी आणि नंतर सगळीकडून सारखी रंगणारी झाडं पैदासकारांनी वर्षानुवर्षं निवडली. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं, की त्या निवडीत एक जनुक निकामी झालं आहे. हे जनुक चालू असेल तर कच्च्या फळात हरितद्रव्य जास्त भरतं आणि साखरही जास्त तयार होते. जुन्या वाणांचे हिरवे खांदे, म्हणजे फळाचा देठाभोवतीचा भाग, त्याच जनुकाची खूण आहेत. लोक नेमका तोच भाग बघून फळ कच्चं ठरवतात.

शिवाय चेरोकी पर्पल कधीच लालभडक होत नाही. ब्लॅक क्रिमही नाही. पिकतानाही त्यांच्यातलं हिरवं द्रव्य पूर्ण जात नाही, ते लालात मिसळतं आणि मातकट जांभळा रंग येतो. ब्रँडीवाइन गुलाबी पिकतो. बियांच्या पाकिटावर हे लिहिलेलं असतं, पण पाकीट वाचतो कोण?

प्रतापनगरला एका मुलानं फार मन लावून चेरोकी पर्पल लावले होते. पहिलं फळ जवळपास अर्ध्या किलोचं, देखणं. मी जाऊन पाहिलं, टोकाकडून मऊ झालं होतं, देठाजवळ वास सुटला होता. म्हटलं, आज तोड. तो म्हणाला, "काका, अजून लाल कुठे झालं? मी तर वाट पाहून राहिलो." संक्रांतीच्या सुमारास रात्री अवकाळी पाऊस आला. कोरड्या कुंडीला एकदम पाणी मिळालं, मुळांनी ते वर ओढलं, आतला गर फुगला आणि पिकलेल्या सालीला ताण सोसवला नाही. फळ खांद्यापासून खालपर्यंत उकललं. उजाडता उजाडता बुलबुलांनी त्यावर ताव मारला. उरलेली फोड त्यानं खाल्ली, ती पिठूळ आणि आंबूस लागली. मग "या वाणात काही दम नाही" म्हणत त्यानं बाकीची झाडंही उपटली. त्यांवर कच्ची फळं लगडलेली होती! फळ गेल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही, पण त्या घाईच्या निकालाचा राग अजून गेलेला नाही.

संत्रं घेताना आपण नागपूरकर नुसत्या रंगावर जात नाही. आंबिया बहाराचं हिरवट संत्रं हातात घेऊन साल सैल झाली का ते बघतो, वजन बघतो. टोमॅटोलाही तोच हात लावा. फळ टोकाकडून पिकत वर येतं, म्हणून खालच्या बाजूला अंगठ्यानं अगदी हलकं दाबा. किंचित दबलं पाहिजे. मग देठाजवळ नाक न्या. हात वर करून फळ उचललं की देठाच्या गाठीशी ते सहज सुटतं. ओढावं लागत असेल तर राहू द्या.

उशिरा लावलेल्यांसाठी आणखी एक: फेब्रुवारी सरताना पारा पस्तिशीकडे जातो. तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयारच होत नाही, पिवळं-केशरी तेवढं राहतं. तेव्हा लाल वाणाचीही लाली बघत बसू नका.

फ्रीजमध्ये ठेवू नका

"रविवारी सगळे मिळून खाऊ" म्हणून पहिलं फळ बुधवारी फ्रीजमध्ये जातं. भावना मला समजते, पण रविवारी ताटात येतो तो नुसता आंबट गर. टोमॅटोची चव जिभेवर कमी आणि नाकात जास्त असते. तो सुगंध देणारी द्रव्यं बारा अंशांच्या खाली तयार होणं मंदावतं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं, की पाच अंशांत सात दिवस ठेवलेल्या टोमॅटोत सुगंध बनवणारी जनुकंच थंडावतात, आणि फळ नंतर बाहेर काढून ठेवलं तरी गेलेला वास पुरता परतत नाही.

जानेवारीत आपल्या स्वयंपाकघरातला ओटाच उत्तम. मी फळ देठाची बाजू खाली करून ठेवतो, त्या खुणेतूनच ओलावा उडतो. एकावर एक रचत नाही. पाहुणे रविवारी येणार असतील तर फळ रंग फिरायला लागताच, म्हणजे टोकाला पहिली लाली दिसताच तोडा आणि घरात पिकू द्या. चवीत फारसा फरक पडत नाही. पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो त्या आठवड्यात तर मी मुद्दाम असंच करतो, आणि पावसाचं आभाळ भरून आलं तरीही. त्याच्याही आधी, पूर्ण हिरवं तोडून तांदळाच्या डब्यात दडपणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. तीन महिने थांबलात, आठ दिवस थांबवत नाही? कार्बाइडचा तर विचारही नको, फळं पिकवायला त्यावर आपल्याकडे बंदी आहे.

पाण्याचं थोडक्यात. फळ मोठं व्हावं म्हणून तोडायच्या आदल्या दिवशी कुंडी तुडुंब भरू नका. चव पातळ होते, साल फुटते. रोज सकाळी सारखं, मोजकं पाणी. फळाचं बूड काळं पडत असेल तर त्याचंही मूळ बहुतेक वेळा याच अनियमित पाण्यात असतं. कुंडी सुकली-भिजली, सुकली-भिजली, की मातीतलं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. लोक मात्र अंड्याची टरफलं टाकत बसतात.

पहिल्या फळाची भाजी करू नका. भेदराच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चटणीला बाजारातले चालतात.

बोथट चाकूनं चेंदू नका. दात्यांची सुरी किंवा धारेची विळी घ्या, आडवा काप द्या.

पहिली फोड नुसती खा. चाट मसाला तर अजिबात नको. दुसऱ्या फोडीला चिमूटभर मीठ, तिसरीला ज्वारीची भाकर आणि जवसाचं कच्चं तेल. त्यापुढे काही घालावंसं मला कधी वाटलं नाही.

पहिल्या फळावरून वाणाचा निकाल लावू नका. थंडीत धरलेली पहिली फळं मोठ्या वाणांत वेडीवाकडी, मधे चिरा पडलेली येतात. दुसरा-तिसरा घोस बघा, मग बोला.

बी धरायचं तर सगळ्यात मोठ्या फळाचं नाही, सगळ्यात निरोगी झाडाचं धरा. गर आणि बिया वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढुरका थर आला की धुऊन घ्या. तळाशी बसतं ते बी ठेवा, तरंगतं ते टाका. सावलीत, चिनीमातीच्या ताटलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.