फर्नेसचा दिवा लुकलुकतोय? या चुका टाळा

घर गार पडलं आणि फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, सुरू होईना, की हात आधी स्विचकडे जातो. बंद करून पुन्हा चालू करून बघू, असं वाटतं. पण ती घाई नको. फर्नेसच्या कंट्रोल बोर्डवर (तिचं काम चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर) एक छोटा एलईडी दिवा असतो. काही अडलं की तो ठरावीक वेळा लुकलुकून कुठे अडलं ते सांगतो. अनेक बोर्डांवर वीज तुटताच ही खूण पुसली जाते. मग फर्नेस तात्पुरती चालू होते आणि तंत्रज्ञ आला की त्याच्या हाती काहीच लागत नाही.

दार उघडूनही नेमकं हेच होतं. खालच्या पत्र्याच्या दारामागे सुरक्षा-स्विच असतो, दार निघालं की वीज बंद. म्हणून आधी दारावरच्या छोट्या काचेतून बघा आणि मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. डोळ्यांनी मोजताना हमखास चूक होते, कारण काही फर्नेसचा संकेत दोन आकडी असतो. कॅरियर कंपनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी आखूड आणि मग लांब लुकलुक येते. तीन आखूड, तीन लांब म्हणजे ३३. व्हिडिओ झाला की वीज बंद करून दार काढा. संकेतांचा तक्ता बहुधा त्याच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तोच वाचा, दुसऱ्या कंपनीचा नको. एकाच संख्येचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. संथ लुकलुक म्हणजे तर कित्येक बोर्डांवर ‘सगळं ठीक’.

दिवा पूर्ण विझलेला असेल तर बहुधा बोर्डला वीजच मिळत नाहीये. फर्नेसजवळचा स्विच (तो साध्या दिव्याच्या बटणासारखाच दिसतो, त्यामुळे चुकून बंद होतो), ब्रेकर आणि दार घट्ट बसलंय का, हे बघा. बोर्डवर गाडीत असतो तसा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज असतो. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा उडाला तर २४ व्होल्टच्या तारांत कुठेतरी शॉर्ट आहे. मोठा फ्यूज लावलात तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो तक्त्यात लिहिलेला भाग थेट बदलण्यात. दिवा कोणत्या टप्प्यावर काम थांबलं ते सांगतो, कोणता भाग खराब आहे ते नाही. घराचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा फिरतो. हवा नीट ओढली जातेय याची खात्री प्रेशर स्विच करतो. मग गॅस पेटवणारा इग्नायटर तापतो, गॅस सुटतो, ज्योत लागल्याचं फ्लेम सेन्सर कळवतो आणि शेवटी गरम हवा घरभर सोडणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरू होतो. आता ‘प्रेशर स्विच उघडा राहिला’ असा संकेत आला, तर बऱ्याचदा स्विच चांगलाच असतो. बाहेरचा पाइप बर्फाने किंवा घरट्याने बुजलेला असतो, नाहीतर पाण्याचा निचरा तुंबलेला असतो. ‘लिमिट’चा संकेत आला तर आधी हवेचा फिल्टर काढून बघा. तो धुळीने भरला की हवा कमी वाहते, आतला भाग जास्त तापतो आणि लिमिट स्विच गॅस तोडतो. ज्योत लागून काही सेकंदांत विझत असेल तर फ्लेम सेन्सरच्या दांडीवर थर बसलेला असू शकतो. या दांडीतून जाणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात, त्यामुळे पातळसा थरही पुरतो. बारीक स्टील वूलने ती साफ करता येते, पण वीज आणि गॅस दोन्ही बंद करूनच.

प्रज्वलनाचे प्रयत्न फसले की फर्नेस स्वतःला कुलूप लावते. ते वारंवार रीसेट करून तोडू नका.

‘रोलआउट’चा संकेत मात्र वेगळा समजा. ज्योत बर्नरबाहेर आल्याचा तो इशारा असतो. उष्णता-विनिमयकाला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेला असण्याची किंवा धुराचा मार्ग बंद झाल्याची शक्यता असते, आणि दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. हा संकेत देणारा रोलआउट स्विच दाबून फर्नेस पुन्हा चालू करू नका, तारा जोडून त्या स्विचला वगळू तर मुळीच नका. फर्नेस बंद ठेवून तंत्रज्ञाला बोलवा. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर दिवा मोजत बसू नका. कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.