तरुण बेसबॉल संघ आणि हिवाळ्यातले निर्णय कसे जोखावेत

वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यावर स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे हंगामापूर्वीचा सराव, सुरू होईपर्यंत मेजर लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये एकही सामना होत नाही, तरीही संघाचे पुढच्या तीन-चार वर्षांचे भवितव्य बहुतेक वेळा याच काळात ठरते. ज्या संघाची सारी भिस्त तरुण खेळाडूंवर आहे, त्याच्या चाहत्यांमध्ये या दिवसांत दोन मते आळीपाळीने ऐकू येतात. पोरे गुणी आहेत, थोडा धीर धरा, असे एक मत. आणि मालक पैशाची गाठ सोडत नाही, हे दुसरे. दोन्हींत तथ्य असू शकते. परंतु तारखा आणि आकडे मांडून बसल्याशिवाय त्यांतले कोणते आपल्या संघाला लागू पडते, हे समजत नाही.

म्हणून पहिले काम कोष्टक मांडण्याचे. सामन्यासाठी उपलब्ध असलेल्या २६ खेळाडूंच्या यादीवर न थांबता संघाची ४० जणांची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे वय, आजवरचा सेवाकाळ म्हणजे सर्व्हिस टाइम, आणि तो कोणत्या वर्षी फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा, होणार, हे लिहावे. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस राहिलेल्या खेळाडूचे एक पूर्ण वर्ष धरले जाते. साधारणपणे पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात, आणि हे किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे वेतनाचा वाद लवादाकडे, म्हणजे आर्बिट्रेशनमध्ये, जाऊ शकतो आणि रक्कम दरवर्षी चढत जाते. तिसरे वर्ष भरत आलेल्या काही खेळाडूंना आर्बिट्रेशनचा हक्क एक वर्ष आधीच मिळतो. त्यांना सुपर टू म्हणतात. सहा वर्षे भरली की खेळाडू मोकळा होतो.

या दिवसांचे मोल किती असते, हे फलंदाज क्रिस ब्रायंटच्या उदाहरणावरून दिसते. २०१५ मध्ये शिकागो कब्जने त्याला हंगाम सुरू झाल्यावर काही दिवसांनी मायनर लीग या खालच्या लीगमधून वर आणले. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले आणि एका दिवसाच्या फरकाने त्याचे फ्री एजंट होणे एक वर्ष पुढे गेले. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल विरोधात गेला. नियमात बसणारे हे वर्तन मला आजही खटकते. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानंतर रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवोदित, या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्या नवोदिताला पूर्ण वर्षाचा सेवाकाळ मिळण्याची तरतूद झाली आणि २०२४ च्या मे महिन्यात पिट्सबर्गकडून पदार्पण करणाऱ्या पॉल स्कीन्सला तिचा लाभ झाला. तेव्हा एखाद्या तरुणाला एप्रिलमध्ये खाली ठेवले, तर प्रशिक्षकांनी दिलेले कारण ऐकावेच, पण कोष्टकातले दिवसही मोजावेत.

कोष्टक पूर्ण झाले की एक गोष्ट आपोआप समोर येते: संघातले चांगले तरुण किती जण एकाच वर्षी मोकळे होणार आहेत. चौघे-पाच जण लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत जाणार असतील, तर त्यांच्या आर्बिट्रेशनच्या मधल्या वर्षी संघाने धीर धरण्यात अर्थ उरत नाही. तारुण्य हा संघाचा साठा नसून दर हंगामागणिक संपत जाणारी मुदत आहे, आणि हिवाळ्यातला प्रत्येक निर्णय या मुदतीशी ताडून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम खेळाचे मोल ठरवण्याचे, आणि इथे चाहत्यांचा सर्वांत मोठा घोटाळा होतो. फलंदाज माइक ट्राउट २०११ मध्ये प्रथम वर आला तेव्हा त्याने ४० सामन्यांत १२३ अॅट-बॅट्समध्ये (फलंदाजीच्या संधींमध्ये) २७ हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, मारले; हिटना संधींनी भागून सरासरी ०.२२०. पुढच्याच वर्षी त्याची सरासरी ०.३२६ झाली आणि तो एकमताने रुकी ऑफ द इयर ठरला. पहिल्या वर्षी आणखी सातच चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून गेले असते, तर सरासरी ०.२७६ दिसली असती आणि त्याच्याविषयी कोणी शंका घेतली नसती. सप्टेंबरातल्या शे-सव्वाशे संधींवरून एखाद्याला भावी तारा ठरवणे किंवा मोडीत काढणे, दोन्ही याच कारणाने चूक आहे.

त्याऐवजी लवकर स्थिर होणारे आकडे पाहावेत. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो, किती वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) मिळवतो, स्ट्राइक झोन या फटक्यायोग्य मानलेल्या चौकटीच्या बाहेरच्या चेंडूंवर किती वेळा बॅट फिरवतो, आणि त्याने मारलेल्या चेंडूंपैकी किती ताशी ९५ मैल किंवा त्याहून अधिक वेगाने जातात, हे सरासरीपेक्षा अधिक खरे सांगते. २०१५ पासून स्टॅटकास्ट या चेंडूचा वेग व मार्ग मोजणाऱ्या यंत्रणेमुळे ही माहिती कोणालाही पाहता येते. मायनर लीगचे आकडे वाचताना वय आणि मैदान कधीही विसरू नये. डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या पातळीवर, चांगला खेळणारा २० वर्षांचा मुलगा आणि तिथेच तसेच आकडे काढणारा २५ वर्षांचा खेळाडू, हे दोन अगदी वेगळे अंदाज आहेत. आणि अल्बुकर्क किंवा रीनो यांसारख्या उंचावरच्या शहरांत चेंडू दूर जातो, त्यामुळे तिथल्या होमरनमधून (थेट मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्यांमधून) थोडी वजावट करावी लागते. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बाबतीत तर जितके लागतात त्याहून अधिकच हाताशी असावे लागतात, कारण कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की वर्ष-दीड वर्ष हातचे जाते.

आता निर्णयांकडे. नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव, द्यायची की नाही, कोणत्या मायनर लीग खेळाडूंना ४० जणांच्या यादीत घेऊन डिसेंबरातल्या रूल ५ ड्राफ्टपासून (जिथे यादीबाहेरचे खेळाडू इतर संघ उचलू शकतात) वाचवायचे, आणि आर्बिट्रेशनला पात्र असलेल्या कोणाला करार न देता सोडायचे, हे प्रश्न येतात. यांपैकी शेवटचा सर्वांत बोलका असतो, कारण तिथे संघ एका ठरावीक खेळाडूचे मोल उघडपणे सांगतो. रूल ५ ची चिंता मात्र फार करू नये. उचललेला खेळाडू पुढचा सारा हंगाम मेजर लीगच्या यादीत ठेवावा लागतो, अन्यथा तो मूळ संघाला परत देऊ करावा लागतो, आणि बरेचसे परत येतात.

ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) आणि मोठे करार जोखताना त्या दिवशी संघाला काय ठाऊक होते आणि दुसरे कोणते मार्ग खुले होते, एवढेच विचारावे. बाल्टिमोर ओरिओल्सचा मार्ग यासाठी बारकाईने पाहण्याजोगा आहे. २०२१ मध्ये ११० सामने हरलेला हा संघ २०२३ मध्ये १०१ सामने जिंकला, तेही बहुतांशी स्वतः घडवलेल्या तरुणांच्या बळावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि नवोदित निवडण्याच्या ड्राफ्टमधली एक निवड देऊन पिचर कॉर्बिन बर्न्सला मिळवले. फ्री एजंट होण्याआधी त्याचे एकच वर्ष उरले होते, तरीही संघाची मुदत चालू असताना केलेला तो योग्य सौदा होता. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या सामन्यात बर्न्सने कॅन्सस सिटीला एकच धाव दिली, पण ओरिओल्सला ती एकही काढता आली नाही, आणि दोन सामन्यांत ते बाहेर पडले.

त्या हिवाळ्यात बर्न्स सहा वर्षांच्या २१ कोटी डॉलरच्या करारावर ॲरिझोनाला गेला. ओरिओल्सने त्याच्या जागी ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि जपानहून आलेला ३५ वर्षांचा टोमोयुकी सुगानो, अशा दोघांना एकेका वर्षासाठी घेतले. संघाचाच पिचर काइल ब्रॅडिशची कोपराची शस्त्रक्रिया २०२४ च्या जूनमध्येच झाली होती, त्यामुळे २०२५ चा बराचसा हंगाम तो नसणार, हे आधीच ठाऊक होते. परिणामी ७५ विजय आणि ८७ पराभव पदरी पडले. पुढे २०२५ च्या जूनमध्ये बर्न्सचीही कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याला संघात न राखणे शहाणपणाचे ठरले, असा युक्तिवाद आता करता येतो. मला तो मान्य नाही. दुखापत डिसेंबरात कोणालाच दिसत नव्हती. पिचरांची उणीव मात्र दिसत होती, आणि ती भरून काढण्यासाठी बर्न्स हा एकमेव मार्गही नव्हता.

तरुणांशी लवकर केलेले दीर्घ करार हीच कसोटी लावून पाहावेत. अटलांटा ब्रेव्ह्जने २०१९ मध्ये २१ वर्षांच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरशी आठ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला आणि २०२३ मध्ये त्याने ४१ होमरन व ७३ चोरलेल्या (पिचर चेंडू टाकताना धावून गाठलेल्या) बेससह एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूचा, पुरस्कार मिळवला. शिकागो व्हाइट सॉक्सनेही एलॉय हिमेनेझ आणि लुइस रॉबर्ट यांना पदार्पणापूर्वीच करारबद्ध केले होते. दुखापतींनी दोघांचीही वर्षे खाल्ली आणि २०२४ मध्ये तो संघ १२१ सामने हरला. कल्पना एकच होती. फरक असा की ब्रेव्ह्जने अकुन्याला एक हंगाम मेजर लीगमध्ये पाहिले होते, आणि त्याच्याभोवती इतर जागाही भरल्या.

शेवटी, स्प्रिंग ट्रेनिंग सुरू होण्यापूर्वी आपले मत तारखेसह लिहून ठेवावे: कोणता निर्णय पटला, कोणता नाही, आणि त्या दिवशी कोणती माहिती समोर होती. हंगाम संपल्यावर ते कागद काढून निर्णय एका रकान्यात व निकाल दुसऱ्या रकान्यात लिहावा, कोष्टकात प्रत्येकाचे नवे दिवस मिळवावेत, आणि मगच नोव्हेंबरच्या पहिल्या बातमीकडे वळावे.