बोकड आत्ताच ठरवा: उस्मानाबादी-बोअर संकर करणाऱ्यांसाठी

मृगाचा पाऊस पडून बांधावर हिरवं दिसू लागलं की शेळ्या माजावर येऊ लागतात. जूनअखेरीस फळलेली शेळी पाच महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी व्यायते. तेव्हा सोयाबीन-उडदाचं भुसकट घरात पडलेलं असतं, पाल्याचीही ओढ नसते, त्यामुळे शेळीचं दूध टिकतं. म्हणून बोकड आत्ताच ठरवा. माज दिसल्यावर धावपळ केली की शेजारचा मिळेल तो लावला जातो.

मांसासाठी उस्मानाबादी शेळीवर बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या मांसाच्या जातीचा बोकड, हा संकर चांगला बसतो. शेळी काटक आणि जुळी देणारी, बोकड अंगाने भरलेला. पण करडाचं वाढीव वजन मुख्यतः बोअरच्या रक्तातून येतं. दोन लांबच्या जाती एकत्र आल्यामुळे मिळणारं ‘संकर ओज’ दिसतं ते जगण्यात: करडू पटकन उठून आचळाला लागतं, मरतूक कमी होते. हे ओज पहिल्या पिढीत पूर्ण असतं. संकरित शेळीला संकरितच बोकड लावला की पुढच्या पिढीत ते निम्म्यावर येतं.

आम्ही नेमकं तेच केलं. पहिल्याच खेपेचा एक बोकड असा रुंद छातीचा निघाला की विकायला जीव होईना. पुढे त्याची करडं काट्यावर घातली, तर एकाच आठवड्यात जन्मलेली असून एक 14 किलोचं, दुसरं 9 किलोचं. व्यापाऱ्याने अर्थातच लहानाकडे बोट दाखवून सगळ्यांचा भाव केला.

तेव्हा संकरित नर कितीही देखणा असो, विकून टाका. संकरित पाटी, म्हणजे तरुण माद्या, ठेवायला हरकत नाही, त्या चांगल्या माता होतात. फक्त त्यांना सिरोहीसारख्या तिसऱ्या जातीचा बोकड लावा. आणि निवडक शेळ्या उस्मानाबादी बोकडाकडूनच फळवा. मूळ कळप संपला तर पाच वर्षांनी संकर कशावर करणार?

पहिलारू, अंगाने लहान पाटीला बोअर नकोच, करडू अडतं.

बोकड लावण्याआधी दोन-तीन आठवडे शेळीला रोज 200 ते 250 ग्रॅम मक्याचा भरडा द्या, जुळ्यांची शक्यता वाढते. जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस राहिली असेल तर आधी उरका. 25 शेळ्यांमागे एक बोकड पुरे. शेळी सतत ओरडते, शेपूट हलवते, दुसरीवर चढते, तेव्हा माज ओळखावा. सकाळी दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवा. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. साधारण 21 दिवसांनी शेळी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर पुन्हा लावा, दोनदा उलटली तर पशुवैद्यकांना दाखवा.